झेल्याचा खेळ

देवगावकर सरांच्या घरी दर मे महिन्यात आंब्यांची पाटी येते आणि सर त्या आंब्यांना हात लावत नाहीत. "साखर वाढलीय," असं ते बायकोला सांगतात. मीनाक्षीबाईंना हे मुळीच पटत नाही. हाच माणूस संक्रांतीला गुळाची पोळी तुपात बुडवून खातो, तेव्हा त्याची साखर कुठं जाते? पण नवऱ्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवू नये, एवढं त्या इतक्या वर्षांच्या संसारात शिकल्या आहेत. त्या निमूट पाटी उचलतात, शेजारीपाजारी आंबे वाटतात आणि दोन-चार मागं ठेवतात, न जाणो मन बदललं तर असावेत म्हणून. ते तसेच सुरकुतून जातात.

हे आंबे कुठून येतात आणि सरांच्या घशाखाली का उतरत नाहीत, ते सांगायचं तर सरांची नोकरीच सांगावी लागेल.

मधुसूदन देवगावकर शहरातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक होते. संचालक हा शब्द पगारपत्रकापुरता. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना पी.टी. सर म्हणत. पंधरा ऑगस्टला पोरं रांगेत उभी करायची, मैदानावर चुन्याची फक्की मारून रेघा आखायच्या, गॅदरिंगला स्टेजसमोर दोरी धरून हुल्लड आवरायची आणि निवडणूक आली की मतदानाच्या पेट्या सांभाळायला जायचं, ही त्यांची कामं. स्टाफरूममध्ये कोणीतरी हमखास म्हणायचं, "देवगावकर, तुमचं बरं आहे बुवा, पेपर तपासायचे नाहीत." सर हसायचे. हसण्यावारी नेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. घरी आल्यावर मात्र त्यांच्या पुढ्यातला चहा निवून जायचा.

त्यांना प्रशिक्षक व्हायचं होतं. घराणं भिक्षुकीचं आणि कारकुनीचं. वडील निजामाच्या वेळी तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून होते. पोलीस ॲक्शननंतर कचेरी तीच राहिली, खुर्ची तीच राहिली, फक्त कागदावरची लिपी बदलली. मुलगा खेळाचं शिक्षण घेणार म्हटल्यावर वडील म्हणाले होते, "पळून पोट भरतात ते दोघंच. एक चोर आणि दुसरा हरकारा. तू कोण होणार?" एक दिवस आपला संघ घेऊन आपण परमुलखात जाऊ, अंगावर कोट असेल, कोटावर नाव असेल, हे त्यांच्या मनात तेव्हापासून होतं. पण विद्यापीठाच्या झोनल सामन्यांच्या पुढं त्यांचा एकही संघ कधी गेला नाही. कबड्डीची चांगली पोरं दुसरी कॉलेजं पळवायची, कारण तिथं वसतिगृह होतं आणि सकाळी दूध मिळायचं. सरांकडं उरायची ती ज्यांना कुठंच घेतलं नाही अशी. त्यांना ते जीव तोडून शिकवायचे आणि ती पोरं जीव तोडून हरायची. अशी पंचवीसेक वर्षं गेली, डोक्यावरचे केस गेले, पोट मात्र आलं.

मग नागपूरच्या एका शिबिरात त्यांनी लॅक्रॉस पाहिला. लांब काठी, तिच्या टोकाला जाळीची पिशवी. त्या पिशवीत चेंडू झेलायचा, तो पडू न देता पळायचं आणि तसाच भिरकावून गोलात मारायचा. दहा जणांचा संघ. डोक्याला लोखंडी जाळीचं टोपडं, हातात जाड मोजे. सर दोन आठवडे तोंडाचा आ करून शिकले आणि एक काठी घेऊन परतले. हा खेळ आपल्याकडं कोणीच खेळत नाही, म्हणजे आपली पोरं पळवायलाही कोणी येणार नाही, हा त्यांचा हिशेब. खरं सांगायचं तर तो हिशेब होता तसाच ते प्रेमही होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला लोक हसतात म्हणून तो प्रेमाला हिशेब म्हणतो.

पोरांनी काठी पाहिली आणि एकजण ओरडला, "सर, हा तं झेला!" आंबे उतरवायची जाळीची काठी ज्यानं पाहिली आहे त्याला दुसरं काही सुचणारच नाही. त्या दिवसापासून कॉलेजात लॅक्रॉसला लॅक्रॉस म्हणणारे एकटे सरच. बाकी सगळ्यांच्या तोंडी झेल्याचा खेळ. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब तर म्हणाले, "सर, चेंडू जाऊ द्या, माझ्या बागेतल्या कैऱ्या उतरवून द्या." पण चार काठ्यांना त्यांनी मंजुरी दिली. बाकीच्या काठ्या सरांनी बुरुडाकडून बांबूच्या कांब्या वाकवून करून घेतल्या. जाळ्या मीनाक्षीबाईंनी सुतळीच्या विणल्या. त्यांची बोटं सोलवटली, तरी त्या म्हणाल्या, "स्वेटरपेक्षा सोपं आहे."

रामकिसन तुपेला सरांनी पहिल्यांदा पाहिलं ते सुटलेल्या काळी-पिवळीमागं पळताना. फुलंब्रीच्या अलीकडच्या एका खेड्यातून तो रोज अशा जीपला लटकून यायचा. त्या संध्याकाळी जीप त्याला टाकून निघाली होती. त्यानं पाठीवरची पिशवी पोटाशी धरली, दोन रिक्षांच्या मधून वाकडा झाला आणि पुढच्या चौकाआधी जीपच्या मागच्या दांडीला हात घातला. सर हातातला चहा तसाच ठेवून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकशी केली. पोरगं कबड्डीचं होतं, गावच्या संघात चढाई करायचं, आणि त्याला पोलिसात जायचं होतं. वडील लहानपणीच गेलेले. घरी आई सरूबाई, थोडी जमीन आणि बांधावर एक आंब्याचं झाड.

सर त्याच्या गावी गेले. पोरगं मागायला जावं तर मुलीच्या बापासारखं जावं, असं ते मानायचे. सरूबाईनं वट्यावर घोंगडी टाकली, तांब्या भरून पाणी दिलं.

"कबड्डी सोडून ह्ये काय खेळायचं म्हनता तुमी?" तिनं विचारलं.

"नवा खेळ आहे, सरूबाई. ह्यात आत्ता गर्दी नाही. राष्ट्रीय स्पर्धा खेळला की प्रमाणपत्र मिळेल, आणि त्यावर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर लागेल. कबड्डीत एका जागेला शंभर पोरं आहेत."

हे बोलले तेव्हा ते खरं होतं, निदान सर तसं समजत होते. सरूबाईनं रामकिसनला हाक मारली, त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला सरांच्या पुढ्यात बसवलं, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "सर, ह्याला बाप नाय. आजपून तुमच्या वटीत घातला. चुकला तं हाना, पर वाऱ्यावर सोडू नका."

ओटीत घातलेलं पोर परत करता येत नाही, हे सांगायला सरांना शास्त्र वाचायची गरज नव्हती. त्यांचं घराणं दुसऱ्यांच्या ओट्या भरण्यात गेलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यांनी तांब्यात उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

पुढची दोन वर्षं सरांच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. पहाटे मैदानावर पोरं जमायची. चेंडू जाळीत टिकवायचा तर मनगटं सारखी झुलती ठेवावी लागतात. सर सांगायचे, "पाळणा हलवता ना, तसं. जोरात नको आणि थांबायचं तर मुळीच नाही. पोर जागं होतं." रामकिसनच्या हातात तो पाळणा असा बसला की तो तीन जणांना वळसा घालून गोलापर्यंत जायचा आणि चेंडू जाळीत झोपलेलाच. तो गोल मारायचा, धावत सरांकडं यायचा आणि काठी पुढं करून म्हणायचा, "बगा सर, अजून गरम हाय." सरांना मुलगी होती, लग्न होऊन पुण्याला गेलेली. मुलगा नव्हता. ते कधी बोलले नाहीत, पण मीनाक्षीबाईंना कळत होतं की हे पोरगं आता घरातलं झालंय, कारण त्याच्यासाठी डबा मागितला जायचा आणि नाव मात्र 'संघाचं' घेतलं जायचं.

आणि मग आग्र्याला राष्ट्रीय स्पर्धा ठरली. सरांच्या संघाला बोलावणं आलं. सरांनी पैठण गेटच्या शिंप्याकडं निळा कोट शिवायला टाकला आणि खिशावर रेशमी दोऱ्यानं 'मुख्य प्रशिक्षक' विणून घेतलं. शिंप्यानं 'प्रशिक्षक'मधला क्ष जरा वाकडा केला, तो त्यांनी उसवून पुन्हा करून घेतला. चेष्टा करू नका. माणूस ज्या दोन शब्दांसाठी सगळी उमर थांबला, त्यातलं एक अक्षर वाकडं कसं चालेल?

संघात पोरं होती बारा. जायच्या महिनाभर आधी एकाचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि दुसऱ्याला घरच्यांनी कामाला लावलं. राहिली बरोबर दहा. एक जरी कमी झाला तरी संघ नाही.

त्याच दिवसांत सरांना बद्रीनाथ भेटला. हा त्यांचा जुना विद्यार्थी, एका सरकारी कचेरीत कारकून. चहाच्या टपरीवर त्यानं सहज विचारलं, "सर, झेल्यावाले घेऊन चाललात म्हणे आग्र्याला? चांगलंय. पण पोरांना भरतीचं गाजर दाखवू नका हं. हा खेळ आता नोकरीच्या यादीत धरणार नाहीत. ठरलंय वर. पुढच्या भरतीपासून लागू."

"नक्की?"

"मी सांगतोय म्हणजे नक्कीच समजा."

सर तसेच उठले, पैसे द्यायचे राहिले, ते टपरीवाल्यानं बद्रीनाथकडून घेतले. कॉलेजपर्यंत चालत येताना त्यांनी मनाशी ठरवलं की पोरांना उद्या सांगायचं. उद्या झालं की परवा ठरवलं. बाकीच्या नऊ जणांचं काही अडत नव्हतं. कोणाच्या बापाचं दुकान होतं, कोणाला पुढं शिकायचं होतं, कोणी आग्रा बघायला मिळतं म्हणून यायला तयार होता. अडत होतं ते एकट्या रामकिसनचं. आणि नेमका तोच नसला तर दहा होत नव्हते.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी सर मैदानावर फक्की मारत होते. रामकिसन येऊन शेजारी उभा राहिला. चपलेनं माती उकरत होता.

"सर, काकासाहेब आलते गावी. लासूर स्टेशनचे."

लासूरचे काकासाहेब म्हणजे कबड्डीतलं मोठं प्रस्थ. कुठल्या संघाला कोण पाहिजे आणि कुठलं पोरगं कुठं चिकटवायचं, हे त्यांच्याएवढं कोणाला माहीत नव्हतं.

"काय म्हणतात?"

"लासूरला कबड्डीची चाचणी हाय. एका कारखान्याची टीम हाय. घेतलं तं कामावर बी घेतेत म्हने, कायम."

"कधी आहे?"

"आपून आग्र्याला जायाचं त्याच हप्त्यात."

सरांनी घमेलं खाली ठेवलं. त्यांच्या बोटांना चुना लागला होता, तो ते पँटीला पुसत राहिले.

"मग काय ठरवलंस?"

"तुमी म्हनाल तसं." रामकिसननं मान वर केली. "सर, आपलं सर्टिफिकेट चालतं ना भरतीत?"

प्रश्न सरळ होता. त्याची उत्तरं दोनच होती आणि त्यातलं खरं कोणतं, ते सरांना माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांपुढं सरूबाईचा पदर आला. आणि त्याच वेळी निळा कोटही आला, त्याला मी काय करू? माणसाच्या मनात दोन गोष्टी एकदम येतात आणि तो जवळची उचलतो.

"चालतं," सर म्हणाले. "न चालायला काय झालं?"

रामकिसननं त्यांच्याकडं पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं. मग वाकून फक्कीचं घमेलं उचललं आणि म्हणाला, "मंग झालं तं. येतो की आग्र्याला." आणि उरलेली रेघ त्यानंच मारली, सरांना वाकू दिलं नाही.

आग्र्याला थंडी होती. पहिल्या सामन्यात पोरं घाबरली, दुसऱ्यात सावरली. उपांत्य सामन्यात मार खाल्ला. तिसऱ्या क्रमांकासाठी खेळले तेव्हा मात्र रामकिसन पेटला. शेवटचा गोल त्यानं असा मारला की समोरच्या संघाच्या प्रशिक्षकानं टाळी वाजवली. धावत तो सरांकडं आला, टोपडं काढलं, घामानं निथळत वाकून पाया पडला. नेहमीसारखी काठी पुढं केली नाही, काही बोललाही नाही. सरांनी त्याला उचलून छातीशी धरलं. कोटाच्या खिशावरच्या रेशमी अक्षरांवर त्या पोराचा घाम लागला.

परत आले तेव्हा स्टेशनवर हलगी होती, गुलाल होता. आप्पासाहेब स्वतः हार घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, मधोमध सर, गळ्यात कांस्यपदकं घातलेली दहा पोरं. स्टाफरूममध्ये कोणी पेपर तपासण्याचं काढलं नाही. घोडं गंगेत न्हालं. वडील असते तर त्यांना आपण काय उत्तर दिलं असतं, ते सर मनातल्या मनात दोन-तीनदा बोलून बघत होते. पण मीनाक्षीबाईंनी ताटात जिलबी वाढली तेव्हा त्यांनी ती न खाताच बाजूला सारली.

पुढच्या वर्षी भरती निघाली. रामकिसन धावण्यात गटात पहिला आला. लेखीतही बरा होता. सर्वसाधारण जागांना थोडक्यात गुण कमी पडले, खेळाडूंच्या जागेवर सहज लागला असता. कागद तपासायच्या टेबलावर साहेबानं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. रामकिसन तिथून थेट कॉलेजात आला. सर जिमखान्याच्या खोलीत चेंडू मोजत होते, मोजण्यासारखे नसताना.

"नाय चाललं, सर," तो म्हणाला.

"काय सांगतोस?" सर म्हणाले. हे चार-पाच महिने ते हेच वाक्य तयार करत होते, म्हणून ते फार चांगलं निघालं. "असं कसं? मी वर जाऊन भांडतो."

"ऱ्हाऊ द्या. तुमी तरी काय करनार?" तो पाया पडला आणि गेला.

सर भांडायला गेले नाहीत. कोणत्या तोंडानं जाणार? पुढच्या दोन भरत्यांत रामकिसननं नुसत्या धावण्यावर नशीब अजमावून पाहिलं, मग वय गेलं. लासूरच्या चाचणीत जी पोरं निवडली गेली होती, त्यांतली काही कारखान्यात कायम झाली, एकानं तर घर बांधलं, अशा बातम्या सरांच्या कानावर येत. रामकिसन वाळूजच्या एका कंपनीत फाटकावर उभा राहू लागला, ठेकेदाराच्या गणवेशात. जीप आता त्याची चुकत नव्हती, कारण जुनी मोटरसायकल घेतली होती. झेल्याचा संघ त्यानंतर दोन वर्षांत मोडला. प्रमाणपत्राला किंमत नाही म्हटल्यावर पोरं कशाला काठी धरतील? सर पुन्हा फक्की मारायला आणि दोरी धरायला मोकळे झाले. निळा कोट डांबराच्या गोळ्यांत गेला.

आणि मे महिन्यात पहिली पाटी आली. रामकिसन स्वतः घेऊन आला. "आईनं धाडलेत. झाडाचा पहिला मान सरांचा म्हनली." सरांनी पाटी घेतली. तो जाईपर्यंत हसत राहिले आणि तो गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. शिव्या दिल्या असत्या तर माणूस दोन दिवस तळमळून मोकळा झाला असता. आंबे दिल्यावर त्यानं काय करायचं?

सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात आप्पासाहेबांनी आग्र्याचं कांस्यपदक काढलं, टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं. मागच्या रांगेत रामकिसन गणवेशातच बसला होता, ड्युटीवरून सुटून आलेला. सगळ्यात जास्त वेळ टाळ्या त्यानंच वाजवल्या. त्या रात्रीपासून सरांना नीट झोप नव्हती. शेवटी ह्या मे महिन्यात, पाटी यायच्या आधीच, ते सकाळी उठले आणि बायकोला म्हणाले, "फुलंब्रीकडं जाऊन येतो."

"आंबे आणायला?" मीनाक्षीबाईंनी विचारलं.

"नाही. एक सांगायचं राहिलंय, ते सांगायला."

सरूबाई बांधावर आंबे उतरवत होती. हातातली काठी सरांनी लांबूनच ओळखली. बुरुडाकडून वाकवून घेतलेली, मीनाक्षीबाईंच्या हातच्या जाळीची. सुतळी काळी पडली होती, एकदोन ठिकाणी गाठी मारल्या होत्या.

"सर! तुमी कावून आले? पोरगं आनून देनारच व्हतं." तिनं पदर सावरला, झाडाखाली पोतं अंथरलं. "ह्यो झेला लई कामाचा बगा. एक आंबा खाली पडू देत नाय."

सर पोत्यावर बसले. पाणी घेतलं नाही. "सरूबाई, मी तुमच्या पोराला फसवलं," ते म्हणाले. आणि मग थांबलेच नाहीत. टपरीवरचा बद्रीनाथ, बारातली राहिलेली दहा पोरं, लासूरची चाचणी, फक्कीचं घमेलं, 'चालतं' म्हणालेला तो शब्द, सगळं सांगून टाकलं. "मला माहीत होतं. तरी मी त्याला नेलं. माझ्या कोटासाठी नेलं. तुम्ही ओटीत घातलं होतं आणि मी..." म्हातारा माणूस रडतो तेव्हा चांगला दिसत नाही, तरी ते रडले.

सरूबाई पाटीतले आंबे देठाकडून पुसत होती. तिचा हात थांबला नाही.

"मला ठावं हाय, सर."

सरांनी मान वर केली.

"काकासाहेब हितंच बसले व्हते, तुमी बसलात तितं. तेच म्हनले रामकिसनला, तुझ्या झेल्याला आता भरतीत कोनी इचारनार नाय, गुमान लासूरला ये. मी बी म्हनले, जा बाबा. तं म्हनला, आई, मी गेलो तं नऊच ऱ्हातेत. सरांची टीम जात नाय. सरांची एक बी टीम कधी भायेर गेली नाय. मी आग्र्याला जानारच." तिनं एक आंबा पाटीत ठेवला. "म्हनला, फकस्त सरांना एकदा इचारून बगतो. सर खरं बोलले तं लई बरं वाटंल."

झाडावर कुठंतरी पोपट कैरी कुरतडत होता, तिचे तुकडे खाली पडत होते. सर त्या तुकड्यांकडं बघत राहिले. म्हणजे खरं सांगितलं असतं तरी तो आला असता. कोट मिळाला असता, पदक मिळालं असतं, गुलाल उडाला असता. खोटं बोलून सरांनी काहीच मिळवलं नव्हतं. त्या पोराला त्यांच्याकडून एकच गोष्ट पाहिजे होती, आणि ती द्यायला दमडीही लागत नव्हती.

"मग? मला विचारून आल्यावर काय म्हणाला तो?" सरांनी विचारलं.

"सांज्याला आला. मी इचारलं, काय म्हनले सर? तं म्हनला, सरांना म्हायती नाय." सरूबाईनं पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ पाहिलं. "पर पोटचं पोरगं हाय. तोंड बगून कळलं मला. तवापून गावात कोनी काय बोललं की तो भांडतो. म्हनतो, सरांना बी फसवलं वरच्यांनी, सरांना काय म्हायती. बायकोला बी त्येच सांगितलंय त्यानं."

"मी त्याला आज सगळं सांगतो. पाय धरतो त्याचे."

"नगा सांगू." ती पटकन म्हणाली, आणि तिच्या आवाजात आता जरा धार आली. "येवढी वर्सं त्यानं तुमचं नाव झाकून ठिवलंय, सर. त्याच्याजवळ दुसरं काय हाय? धड नोकरी नाय, काय नाय. माझा सर चांगला व्हता, येवढंच हाय. ते बी तुमी काढून घेता का? तुमचं मन हलकं व्हईल, त्याचं काय?"

मन हलकं करायला सर फुलंब्रीच्या रस्त्यानं एवढ्या उन्हात आले होते, आणि आता तेच ओझं बांधून परत न्यायचं होतं, कायमचं.

तेवढ्यात बांधावरून मोटरसायकल आली. रामकिसन कंपनीतून सुटून आला होता, गणवेशाची वरची गुंडी सोडलेली, केसांत मधूनमधून पांढरं. सरांना पाहून तो चालत्या गाडीवरूनच उतरला. "सर! आमच्या रानात?" वाकून पाया पडला. "काय झालं? डोळे कावून लाल?"

"उन्हातून आलेत," सरूबाई म्हणाली.

"थांबा सर, वरच्या फांदीला पाडाचा हाय एक. तुमच्यासाठीच राखला व्हता." त्यानं झेला उचलला, टाच वर केली, जाळी आंब्याखाली नेऊन हलकाच हिसका दिला. आंबा जाळीत पडला. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यानं काठी दोन्ही हातांत धरली, मनगटं झुलवली आणि झाडाला एक वळसा घालून धावत सरांसमोर आला. आंबा जाळीत झोपलेला तसाच.

"बगा सर, अजून गरम हाय," तो म्हणाला आणि हसला. "तुमी आमचे आंबे खाता ना? मीनाक्षीताई काय बोलत नायत, मला वाटतं वाटून टाकता तुमी."

"खातो की," सर म्हणाले. हा शब्द तरी खरा करावा म्हणून त्यांनी तो आंबा घेतला, बोटांनी दाबून मऊ केला, देठ काढलं आणि तिथंच तोंडाला लावला. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"गोड हाय ना?"

"फार गोड आहे."

रामकिसन समोर उकिडवा बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होता, गोल मारून आल्यावर बघायचा तसा. सरूबाई पाटी भरत होती. सर कोय चोखत राहिले, ती पांढरी झाली तरी चोखत राहिले. हात रिकामा झाला असता तर काहीतरी बोलावं लागलं असतं.